गंजलेली गाडी घरी उभी करायची तर आधी पावसाचं पंचांग मांडा

कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायची असं ठरलं, की हात पहिल्यांदा पान्याकडे जातो. एका रविवारी दारं निघतात, पुढच्या रविवारी सीटं, मग काचा. तोवर मृग लागतो आणि गाडी उघड्या पत्र्यावर पावसात सापडते. चार महिन्यांत जेवढा गंज चढतो तेवढा ताडपत्रीखाली दहा वर्षांत चढला नव्हता. म्हणून पहिला बोल्ट सैल करण्याआधी काय बघायचं, काय मोजायचं आणि कोणतं काम कोणत्या महिन्यात करायचं, ते इथे क्रमानं दिलं आहे. उदाहरण १०८९ सीसी इंजिनाच्या प्रीमियर पद्मिनीचं आहे, पण बाकीच्या गाड्यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी कागद

कागद नसलेल्या गाडीवर पैसा घालू नका. आरसी बुक हातात घ्या आणि वाहन पोर्टलवर त्या क्रमांकाची नोंद चालू आहे का ते बघा. नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात काढल्याची नोंद असेल तर तिथेच थांबा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फॉर्म २५ भरून तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. सोबत पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि आता उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. नागपुरात गाडी एमएच ३१ ची असेल तर शहर आरटीओ, एमएच ४९ ची पूर्व आणि एमएच ४० ची ग्रामीण. रंग बदलायचा किंवा दुसरं इंजिन टाकायचं असेल तर ते आरसीवर चढवावं लागतं, त्यामुळे चौकशी काम सुरू व्हायच्या आधी करा.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मुळातलं राहिलेलं असावं लागतं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. भाजी आणायला गाडी न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

एक काम आजच करा. चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे ती जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासून छाप घ्या. इंजिन नंबरचाही फोटो काढा. ग्राइंडर लागला किंवा गंजानं आकडे खाल्ले, तर पुढे आरटीओत गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करणं फार जड जातं. त्या जागेवर मास्किंग टेप लावून मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: हात लावू नये.

गंजाचा नकाशा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती, तिन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चेसिस नाही. सगळा भार बॉडीचा पत्राच उचलतो. त्यामुळे गंज दिसतो किती, यापेक्षा तो कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. बॉनेटवर तळहाताएवढं भोक पडलं तरी ती पत्र्याची किरकोळ दुरुस्ती. मागचा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगलेला असतो तिथे बोटभर भोक असेल तर ती गाडी चालवायला धोकादायक आहे.

एक रविवार फक्त तपासणीला द्या. लागणारं सामान: जुना स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च आणि तीन रंगांचे खडू. गाडीखाली जायचं असेल तर चाकांना दगड लावा आणि गाडी जॅकवर नव्हे, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा. घोडी टेकवायची जागाच सडलेली असू शकते, म्हणून आधी तीच ठोकून बघा.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा वाजवत चला. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो. सडलेल्याचा आवाज बसका येतो आणि टोक जरा दाबलं की आत जातं, चॉकलेटी पापुद्रे खाली पडतात. चुंबक चिकटत नाही तिथे पूर्वी कुणी तरी लांबी (खळगे बुजवायची पुटी) भरलेली आहे, आणि लांबीखाली बहुतेक वेळा भोकच निघतं. रंगाला फोड आलेले दिसले तर समजा की गंज आतून बाहेर आला आहे, कारण गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठं असतं आणि तो रंगाला उचलतो. रुपयाएवढा फोड फोडला की आत तळव्याएवढी जागा खराब निघते. नकाशात तेवढीच धरा.

या जागा सोडू नका:

- दाराखालचा पोकळ पट्टा, पुढच्या आणि मागच्या टोकापर्यंत.
- पायाखालचा पत्रा. रबर मॅट आणि खालचं डांबरी पॅड उचलून बघायचं, वरून नाही.
- मागच्या पाट्यांच्या टांगण्या आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरची बैठक.
- अ‍ॅम्बेसेडर असेल तर पुढचे टॉर्शन बार जिथे तळात धरलेले असतात ती जागा.
- डिकीत स्टेपनीचा खड्डा, बॅटरीची बैठक, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, हेडलाइटमागची चिखल साचणारी पोकळी.

पिवळा खडू म्हणजे वरवरचा गंज, घासून निघेल. पांढरा म्हणजे ठिगळ. लाल म्हणजे भार उचलणारा पत्रा सडला आहे. दोन्ही बाजूंचे पट्टे, तळ आणि टांगण्या असं सगळंच लाल निघालं, तर मनाला पटत नसलं तरी दुसरी चांगली बॉडी शोधणं स्वस्त पडतं. नवख्यानं अशी गाडी पहिली म्हणून घेऊ नये.

गाडी विकत घेत असाल तर पुराची चौकशी करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. वरून धुऊन पॉलिश केलेल्या अशा गाडीच्या पोकळ पट्ट्यात बारीक गाळ अजून बसलेला असतो. पट्ट्याच्या खालच्या भोकात तार घालून फिरवा. तारेला चिकटून काय येतं ते बघा.

नकाशाचा शेवटचा भाग पाण्याचा. आत एकजण टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपानं आधी काचेवर, मग दारावर, मग डिकीवर पाच-पाच मिनिटं पाणी सोडा. पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते लिहून घ्या. दारांच्या तळाला आणि पट्ट्यांना पाणी जायला भोकं असतात. ती धूळ आणि जुन्या रंगानं बुजली की आत तळं होतं. हे शोधलं नाही तर नवा पत्रा जुन्याच वाटेनं जाईल.

नागपूरचं पंचांग

आपल्याकडची हवा वर्षातून तीनदा पूर्ण पालटते आणि प्रत्येक हवेला वेगळं काम सोसतं. शनिवार-रविवारच्या हातांनी पूर्ण गाडी करायची तर दोन हिवाळे धरा.

जून ते सप्टेंबर उघडा पत्रा नको. या दिवसांत इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, वायरिंग, सीटं, अशी छताखालची कामं. पोळ्यानंतर गाडी उघडायला घ्या. दसऱ्यापासून होळीपर्यंत पत्र्याचं काम आणि इपॉक्सी प्रायमर. तिथे पहिलं वर्ष संपतं. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नका. पंचेचाळीस अंशांत थिनर बंदुकीतून गाडीपर्यंत जाईतो उडतो, रंग कोरड्या भुकटीसारखा बसतो आणि हात फिरवला की खरखर लागते. याच दिवसांत काचेचं रबर काढणं मात्र सोपं, कारण ते मऊ झालेलं असतं. दुसऱ्या हिवाळ्यात रंग, आणि संक्रांतीनंतर जोडणी.

उन्हाळ्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही. आपल्या घराघरात कूलर असतो. कूलरचा झोत किंवा ओल जिथे पोचते तिथे घासलेला पत्रा ठेवला तर मे महिन्यातही रातोरात तांबूस होतो. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे उघडे सुटे भागही ठेवू नका.

नियम एकच धरा: त्या दिवशी जेवढा पत्रा इपॉक्सीखाली झाकता येईल तेवढाच घासायचा. घासलेल्या पत्र्याला उघड्या हातानं शिवू नका, घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजून वर येतात.

जागा, वीज, हत्यारं

पद्मिनी साधारण तेरा फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद आहे. भोवती तीन-तीन फूट फिरायला हवेत, म्हणजे १९ बाय ११ फूट पक्की, सपाट जमीन. काढलेले भाग ठेवायला वेगळी खोली किंवा मांडणी लागते. उघडलेली गाडी मूळ गाडीच्या तिप्पट जागा खाते.

वेल्डिंगसाठी घरातल्या साध्या प्लगवर भिस्त ठेवू नका. इलेक्ट्रिशियनकडून ४ चौरस मिमी तारेची वेगळी लाइन, ३२ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी आणि अर्थिंग करून घ्या. हत्यारांत चार इंची ग्राइंडर, रिंग आणि गोटी पान्यांचा संच, दोन टनी जॅक, चार घोड्या, दोन हातोड्या आणि डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), पकडीचे सहा-आठ क्लॅम्प, २ एचपीचा कॉम्प्रेसर. नट-बोल्ट, कटिंग व्हील, पॉलिश पेपर, पत्रा, हे इतवारीत लोहाओळीच्या भागात हिंडलात की मिळून जातं. पद्मिनीचे रबर आणि ट्रिमचे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, अ‍ॅम्बेसेडरचे कोलकात्याच्या मल्लिक बाजारात, आणि बरंच काही दिल्लीच्या काश्मिरी गेटला. काचांची रबरं आणि ब्रेकची किट गाडी उघडायच्या आधी मागवा. ती मिळाली नाहीत तर जुनी जपून काढावी लागतील, कापून चालणार नाही.

उघडताना

पेट्रोलची टाकी सगळ्यात आधी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिला घरी वेल्डिंग कधीच करू नका. गळत असेल तर रेडिएटरवाल्याकडे द्या किंवा नवी बनवून घ्या. मग बॅटरी, आणि डायनामो किंवा अल्टरनेटरच्या वायरी.

प्रत्येक बोल्ट त्याच्या भागासोबत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी. मार्करची शाई डिझेलनं उडते. वायर सोडायच्या आधी फोटो आणि दोन्ही टोकांना टेप. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल सोडा, सकाळी आधी जरासा आवळा आणि मग सोडा. सरळ जोर लावला तर डोकं तुटतं आणि अर्धा दिवस ड्रिलमध्ये जातो.

दारं मात्र आत्ता काढू नका. आधी दार आणि बॉडीमधली फट वर, मध्ये आणि खाली मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. हे आकडे पुढे सोन्यासारखे उपयोगी पडतात.

पत्र्याचं काम

इथेच गाडी वाचते किंवा वाकडी होते. दाराखालचा पट्टा म्हणजे गाडीच्या कमरेचं हाड. तो आधार न देता कापला तर इंजिन आणि डिकीच्या वजनानं गाडी मध्ये बसते, आणि तशीच वेल्ड झाली की दारं जन्मभर नीट लागत नाहीत.

म्हणून कापायच्या आधी २५ मिमी चौकोनी पाइप घ्या. तो बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, दार बंद होईल अशा बेतानं आतून टाका आणि चांगल्या पत्र्यावर टाके मारून पक्का करा. दुसरा पाइप गाडीच्या आडवा, डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत. घोड्या पुढच्या-मागच्या सस्पेन्शनखाली असू द्या, म्हणजे गाडी चाकांवर उभी असल्यासारखा भार राहतो. एका वेळी एकच बाजू. कर्ण पुन्हा मोजा. वहीतल्या आकड्याशी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर जॅकनं उचलून जुळवा, तोवर कापायचं नाही.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या. मडगार्ड आणि दारांच्या कातडीला २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, तळ आणि पट्ट्याला १८ गेज म्हणजे १.२ मिमी. आठ बाय चार फुटांचं एकेक पान पुरून उरतं. पहिलं साधारण २१ किलोचं, दुसरं २८ किलोचं भरतं. जस्ताचा जीआय पत्रा वापरू नका. वेल्डिंगमध्ये जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्यानं अंगात ताप भरतो आणि जोडही पोकळ येतो.

सडका भाग चमकदार लोखंड दिसेपर्यंत आणि त्यापुढे आणखी दोन सेंटीमीटर कापा. जुन्या पापुद्र्याला वेल्ड धरत नाही, कड वितळून भोक मोठंच होत जातं. आधी पुठ्ठ्याचं ठिगळ कापून बसवा, तेच पत्र्यावर आखा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा.

वेल्डिंग सीओटू मशीनचं, ०.८ मिमी तारेचं. सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका, मग समोरच्या कडेला दुसरा, मग तिसऱ्या कोपऱ्यात. दोन ठिपक्यांत तीन सेंटीमीटर. पत्र्याला हात टेकवता येईल इतका थंड झाला की मधल्या जागा भरा. घाई केली तर सपाट पत्रा पापडासारखा फुगतो, आणि तो फुगा काढायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. तळासारख्या एकावर एक येणाऱ्या पत्र्यांत वरच्याला दर चार सेंटीमीटरवर ६ मिमी भोक पाडून तेच वेल्डनं भरा.

काही गॅरेजांत अजून पितळेची झाळ मारतात. कातडीच्या बारीक कामाला ती चालते, पण पट्टा, टांगणी, खांब यांना नाही. शिवाय फ्लक्स (झाळ धरावी म्हणून लावलेली पूड) नीट धुतला नाही तर तिथूनच गंज धरतो. लाल खडूची कामं स्वतः शिकत शिकत करू नका. अनुभवी सीओटू वेल्डरला रोजावर घरी बोलवा. कापणं, पुठ्ठा, घासणं, मोजणं तुम्ही करून ठेवा, म्हणजे त्याचा दिवस फक्त वेल्डिंगला जातो. वाळूची बादली, एबीसी पावडरचा अग्निशामक आणि काम संपल्यावर अर्धा तास राखण, हे सोडू नका. डांबरी पॅडखाली ठिणगी आतल्या आत धुमसते.

छोटे भाग

बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट यांना लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच वाळवून तेल लावा. स्प्रिंग आणि कडक बोल्ट यात टाकू नका, ते ठिसूळ होतात. पोकळ पट्ट्यात आणि पत्र्यांच्या सांध्यात आम्ल ओतणं तर नकोच. आत राहिलेला थेंब धुता येत नाही आणि तो वर्षभर पत्रा खात बसतो.

प्रायमर ते रंग

बाजारातला तांबडा रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक आहे. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग चढवला की सुरकुत्या पडतात. पत्रा थिनरनं पुसून दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात. गाडीचं बाहेरचं अंग १० ते १२ चौरस मीटर, आतलं आणि खालचं जवळपास तेवढंच, म्हणजे मिश्रण आठ लिटरच्या आसपास लागेल. हिवाळ्यातही सकाळी अकरा ते तीन या वेळातच मारा. डिसेंबरच्या पहाटे पत्र्यावर दव असतं आणि पंधरा अंशांखाली इपॉक्सी वाळायला फार वेळ घेतो.

लांबी इपॉक्सीच्या वर, खाली नाही. ती स्पंजासारखी ओल ओढते. जाडी तीन मिलिमीटरच्या आत. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे. सरफेसर (रंगाआधीचा पत्रा गुळगुळीत करणारा थर) मारलेली गाडी पावसाळ्यात सोडू नका, तोही ओल धरतो. पावसाळा काढायचा असेल तर इपॉक्सीवर थांबा आणि पुढचा हात मारायच्या आधी ३२० च्या पॉलिश पेपरनं घासून घ्या.

शेवटचा पीयू रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या कापडी मास्कनं ते अडत नाही, एकदा छातीत धरलं की दमा मागे लागतो, आणि शेजारच्या अंगणातही फवारा जातो. चाकं लावून गाडी फ्लॅटबेड ट्रकवर रंगाच्या बूथमध्ये पाठवा.

यंत्राकडचं थोडक्यात

इंजिन अडकलं असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल, तीन दिवस थांबा, मग हातानं फिरवा. स्टार्टरनं हिसका देऊ नका. ब्रेकचे व्हील सिलिंडर, होज आणि पाइप सगळे नवे, कारण जुन्या ब्रेक ऑइलनं ओढलेलं पाणी आतून खड्डे पाडतं. पेट्रोलचे होज आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या. आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार जमतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

पोकळ्या बंद करताना

रंग पूर्ण वाळल्यावर, बाहेर ऊन तापलं असताना, पट्टे, खांब आणि दारांच्या आत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) फवारा. उन्हानं ते पातळ होऊन सांध्यात शिरतं. रंगाच्या आधी मारलं तर त्याचा अंश पत्र्यावर बसतो आणि रंग तिथे धरत नाही. साधं ग्रीस भरू नका, मे महिन्याच्या उन्हात ते पातळ होऊन गळू शकतं. वॅक्स बसलं की पाणी जायची सगळी भोकं तारेनं एकदा मोकळी करा. पुढे दरवर्षी मृगाच्या आधीच्या आठवड्यात हीच तार त्याच भोकांतून फिरवा आणि पाइपाचं पाणी सोडून ते खालून बाहेर पडतं का ते वाकून बघा.